जिथं सान्ता रीता फार्मसी होती

एलिसेओमामांच्या डोळ्यातला मोतीबिंदू तेवढ्यात काढला नसता, तर नॉर्विन तेर्सेरोची अब्रू आजही शाबूत असती. निदान मानाग्वा शहराच्या त्या भागात तरी.

मामा म्हणजे नॉर्विनच्या सासूबाईंचे, डोन्या अम्पारोंचे, धाकटे भाऊ. सासूबाई दर शनिवारी नकातामाल करत. हे काम काही येरागबाळ्याचं नव्हे. मक्याचं पीठ डुकराच्या चरबीत मळायचं, त्यात मांस, भिजवलेले तांदूळ, बटाटा, टोमॅटो आणि पुदिना भरायचा, केळीच्या पानात पुडी बांधायची आणि रात्रभर हंड्यात रटरटू द्यायची. रविवारी सकाळी अर्धा मोहल्ला कॉफीची किटली चुलीवर ठेवून त्यांच्या हंड्याची वाट बघत असे. हे हंडे घरोघर पोचवायचं काम मामांचं. डॉक्टरांनी मामांच्या डोळ्यावर पट्टी बांधली आणि महिनाभर गाडीला हात लावायचा नाही अशी तंबी दिली, तेव्हा आता माल पोचवणार कोण, असा प्रश्न जेवणाच्या टेबलावर निघाला.

अशा प्रश्नांच्या वेळी ताटात बघत राहणं हे जावयाचं पहिलं कर्तव्य असतं. नॉर्विन म्हणाला, "मी पोचवतो."

त्याच्या बायकोने, याहोस्काने, टेबलाखालून त्याला लाथ मारली. उशीर झाला होता.

नॉर्विनची बाजूही समजून घ्यायला हवी. तो मूळचा मातागाल्पाचा, म्हणजे डोंगराकडच्या गावचा. शिकायला राजधानीत आला, प्रोग्रामर झाला, याहोस्काच्या प्रेमात पडला आणि लग्नानंतर सासूबाईंच्या घरच्या मागच्या खोलीत राहायला आला. (घरजावई हा शब्द त्या घरात कोणी उच्चारत नसे. गरजच नव्हती.) एका परदेशी कंपनीचं काम तो त्याच खोलीत बसून करी. पगार चांगला होता, पण सासूबाईंच्या लेखी जो माणूस सकाळी आंघोळ करून घराबाहेर पडत नाही तो काम करत नाही. शेजारणी विचारत, "जावई काय करतो?" सासूबाई सांगत, "बसतो."

हे "बसतो" नॉर्विनला फार लागलं होतं. आपल्या विद्येचा या घराला एकदा तरी उपयोग व्हावा, सासूबाईंनी चारचौघांत म्हणावं की आमचा जावई आहे म्हणून निभावलं, एवढीच त्याची इच्छा होती. माणसाच्या इच्छा लहान असल्या की देव त्या लक्षपूर्वक ऐकतो.

ऑर्डरी सासूबाईंच्या फोनवर येत. नॉर्विनने त्या पहिल्यांदाच नीट वाचल्या आणि त्याला दरदरून घाम फुटला. मानाग्वात रस्त्यांना नावं नाहीत आणि घरांना नंबर नाहीत. असतील तर ते सरकारला माहीत. लोक पत्ता सांगतात तो असा, की जिथं पूर्वी सिनेमा थिएटर होतं तिथून दोन चौक सरोवराकडे, मग एक चौक वर, चिंचेचं झाड तोडलं त्याच्या समोर. वर म्हणजे सूर्य उगवतो तिकडे, खाली म्हणजे मावळतो तिकडे, एवढं नॉर्विनला इतक्या वर्षांत कळलं होतं. पण ते थिएटर भूकंपात पडलं. त्याला नॉर्विनच्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली. ते झाडही कधीचं कोणाच्या तरी चुलीत गेलं. शहर पडलं, लोकांनी ते पुन्हा कुठं कुठं बांधलं, पण पत्ते जुन्याच शहरातून निघत राहिले. भूकंपानंतर जन्मलेली पोरंसुद्धा त्या थिएटराचा पत्ता असा देत, की जणू कालच तिथून तिकीट काढून आली आहेत.

"सरळ आईला विचार ना," याहोस्का म्हणाली. "ती एकेक घर सांगेल, तू लिहून घे."

"विचारायची वेळच येणार नाही," नॉर्विन म्हणाला आणि मागच्या खोलीत जाऊन बसला. (तो बसतो, हे सासूबाईंचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.)

त्याच्या धंद्यात एक हत्यार असतं, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. नाव मोठं असलं तरी काम विळीचं. कितीही लांबलचक मजकूर असो, कुठं कापायचं ती खूण आपण सांगायची. ती खूण जिथं जिथं सापडेल तिथं तिथं मजकुराचे तुकडे पडतात. ऊस पेरावर तोडतात ना, तसंच. फरक इतकाच, की पेर फेकून द्यावं लागत नाही. ते आपोआप नाहीसं होतं. तुकडे उरतात, ज्यावर कापलं ती खूण उरत नाही. ही गोष्ट नॉर्विन कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून जाणत होता, आणि पुढचा सगळा गोंधळ त्याने ती जाणून असतानाच केला.

आधी त्याने स्वल्पविरामावर कापलं. पण नकातामाल मागवणारी माणसं स्वल्पविराम देण्यात वेळ घालवत नाहीत. मग त्याने "मग" वर कापलं, "तिथून" वर कापलं, "आणि" वर कापलं. पत्त्यांचे छान तुकडे पडू लागले: निघायची जागा, मग चौक, मग दिशा. निघायची जागा तो फोनच्या नकाशात टाकू लागला आणि तिथं घोडं अडलं. "जिथं सान्ता रीता फार्मसी होती" असं टाकलं की नकाशा म्हणे, सापडत नाही. "पूर्वीचा अमुक पंप" टाकला की सापडत नाही. "जुनं तमुक" टाकलं तरी तेच.

नॉर्विनने डोकं खाजवलं आणि त्याला एक कल्पना सुचली. "जिथं", "होती", "होता", "पूर्वीचा", "जुनं" हे सगळे शब्द त्याने कापायच्या खुणांमध्ये घालून टाकले. एका झटक्यात सगळी अडगळ साफ झाली. उरलं फक्त "सान्ता रीता फार्मसी". नकाशात टाकल्याबरोबर लाल टिकली उमटली. फोटोसकट, उघडण्याच्या वेळेसकट. नॉर्विन खुर्चीतून उठला आणि त्याने खोलीत एकट्याने दोन टाळ्या वाजवल्या.

शनिवारी दुपारी त्या ऑर्डरींत एक वेगळीच ऑर्डर आली.

डोन्या अम्पारो आणि डोन्या एर्मेलिंदा या लहानपणच्या मैत्रिणी. एकीचं गाणं दुसरीने म्हणायचं आणि दुसरीचं पोर पहिलीने सांभाळायचं अशी मैत्री. पण कोणाच्या तरी बारशात एर्मेलिंदाबाई चारचौघींत म्हणाल्या, की यंदा अम्पारोच्या तामालात पुदिना जरा जास्तच झालाय. बस. तेव्हा याहोस्काचे दुधाचे दात पडत होते. तेव्हापासून दोघी बाजारात समोरासमोर आल्या की दोघीही कोबीचे गड्डे निरखत उभ्या राहत. गेल्या आठवड्यात एर्मेलिंदाबाईंचे यजमान, डोन फुल्हेन्सियो, वारले. सासूबाई काळी शाल घेऊन दारापर्यंत गेल्या, उंबऱ्यावर थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आत येऊन भांडी घासायला बसल्या. भांडी आधीच घासलेली होती.

आणि आता त्या घरच्या भाचीचा निरोप आला होता. मावशी म्हणते, नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला नकातामाल अम्पारोच्याच हातचे हवेत. काकांना दुसरे आवडत नसत.

सासूबाईंनी तो निरोप वाचला, याहोस्काकडून मोठ्याने वाचून घेतला, आणि कांदा चिरायचाय म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ कांदा चिरला. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचाच होता. पैशाचं नाव काढायचं नाही, हा हंडा माझ्याकडून, असं त्यांनी भाचीला कळवायला लावलं. मग त्या नॉर्विनच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या दारात त्या सहसा येत नसत.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "बाकीचे हंडे उशिरा पोचले तरी चालतील. हा एक प्रार्थनेच्या आधी पोचायला हवा. आधी माझा हंडा त्या घरात जाईल, मग मी जाईन. रिकाम्या हाताने मी तिच्या दारात उभी राहणार नाही. समजलं?"

"तुम्ही काळजीच करू नका."

"पत्ता सांगू?"

"पत्ता आलाय माझ्याकडे," नॉर्विन म्हणाला आणि लॅपटॉपवर प्रेमाने थाप मारली.

रविवारी सकाळी त्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दुखवट्याच्या घरी जायचं म्हणून चेहराही आरशासमोर थोडा तयार केला. हंडे याहोस्काच्या छोट्या गाडीत भरले. मागच्या सीटवर मोठा हंडा, त्यावर टॉवेल, आणि गाडीभर केळीच्या पानाचा वास. आधी मोठं काम उरकायचं म्हणून तो निघाला तो थेट सान्ता रीता फार्मसीवर. फार्मसी नकाशाने सांगितली तिथंच होती, स्वच्छ, काचेची, एअरकंडिशनर लावलेली. तिथून दोन चौक सरोवराकडे. मग अर्धा चौक वर. "रस्त्यात खुर्च्या मांडलेल्या दिसतील," असं भाचीने शेवटी लिहिलं होतं, आणि रस्त्यात खरोखरच खुर्च्या मांडलेल्या होत्या. प्लास्टिकच्या, पांढऱ्या, वर मंडप. नॉर्विनच्या अंगावर समाधानाचा काटा आला. आयुष्यात लिहिलेला कुठलाच प्रोग्राम पहिल्या फटक्यात इतका बरोबर चालला नव्हता. (इथंच त्याने शंका घ्यायला हवी होती.)

दारात एक जाडजूड गृहस्थ एकटेच खुर्चीवर बसले होते. डोळे तारवटलेले, शर्टाची वरची बटणं उघडी, हातात थंड झालेली कॉफी. नॉर्विनने हंडा त्यांच्या पायाशी ठेवला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत."

गृहस्थांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले.

"सकाळपासून इतकी माणसं येऊन गेली," ते म्हणाले, "सगळी अभिनंदन म्हणत होती. तुम्ही पहिले, ज्यांना कळलं."

अभिनंदन हा शब्द नॉर्विनला जरा खटकला. पण आजारपण लांबलं असेल, सुटला बिचारा, असं लोक म्हणतात कधी कधी, असा त्याने अर्थ लावला. "कधी ना कधी सगळ्यांनाच जावं लागतं," तो हळू आवाजात म्हणाला.

"हो, पण इतक्या लवकर? आणि त्याच्याबरोबर?"

देवाबद्दल असं तिऱ्हाइतासारखं बोलणं नॉर्विनला बरं वाटलं नाही. पण दुःखात माणूस काहीही बोलतो. "त्याची इच्छा," तो म्हणाला.

"त्याचीच इच्छा. आमची कोण विचारतं!" गृहस्थ म्हणाले आणि त्यांनी नॉर्विनच्या खांद्यावर डोकं टेकवलं.

नॉर्विनने त्यांची पाठ थोपटली, हंडा डोन्या अम्पारोंकडून आहे, पैसे द्यायचे नाहीत असं सांगितलं, आणि जड अंतःकरणाने गाडीत येऊन बसला. गृहस्थांनी कोण अम्पारो असं विचारलं नाही. मानाग्वात प्रत्येकाला निदान एक अम्पारो माहीत असते. निघताना त्याला आतून कोणीतरी गाणं म्हणत असल्यासारखं वाटलं, पण त्याला वाटलं भजन असेल.

बाकीच्या ऑर्डरींचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एका निवृत्त शिक्षिकेचे तामाल टायर दुरुस्तीच्या दुकानात गेले, दुकानदाराने का कू न करता ठेवून घेतले. जिथं जिथं माणसं "आम्ही मागवलं नव्हतं" म्हणाली, तिथं नॉर्विनने नम्रपणे फोन दाखवला आणि हंडा देऊन आला. तंत्रज्ञानापुढे आणि फुकटच्या नकातामालापुढे कोणाचं काय चालतं? घरी येऊन त्याने पाय लांब केले, एका तामालाची पुडी सोडली, कॉफी ओतली, आणि सासूबाई प्रार्थनेहून परत आल्यावर काय काय म्हणतील याची मनात उजळणी करू लागला.

फोन वाजला. याहोस्का होती. ती आईला घेऊन एर्मेलिंदाबाईंच्या घरी गेली होती, आणि ती दबक्या आवाजात बोलत होती.

"नॉर्विन, हंडा कुठं ठेवलास?"

"घरात दिला. मयताच्या भावाच्या हातात दिला. रडले ते माझ्या खांद्यावर."

मागे जपमाळेची प्रार्थना चालल्याचा गुणगुणाट.

"नॉर्विन," ती म्हणाली, "डोन फुल्हेन्सियोंना भाऊ नव्हता."

नॉर्विनच्या हातातला तामाल तसाच राहिला. याहोस्का पुढे जे बोलली ते त्याने नीट ऐकलं, कारण त्याला ते आयुष्यभर विसरता येणार नव्हतं. आई काळे कपडे घालून, केस बांधून आली. एर्मेलिंदामावशी उठून दारापर्यंत आली. तिने आईच्या हातांकडे पाहिलं. मग आईच्या मागे पाहिलं. मग आत जाऊन बसली. आई अजून उंबऱ्यात उभी आहे. "ती आतही येत नाही आणि घरीही येत नाही. नॉर्विन, लोक बघतायत."

नॉर्विनने लॅपटॉप उघडला, पत्त्याचे तुकडे पाहिले, मग मूळ निरोप पाहिला. "जिथं सान्ता रीता फार्मसी होती." तो धावत मामांच्या खोलीत गेला. मामा डोळ्याला पट्टी बांधून पलंगावर पडले होते.

"मामा, सान्ता रीता फार्मसी कुठं आहे?"

"आहे ती नव्या पुलाकडं. होती ती आपल्या चर्चच्या पाठीमागं. भूकंपानंतर हलवली. का रे?"

नॉर्विनला एकदम शरम वाटली, आधी कानांत, मग मानेत. त्याला वाटत होतं आपण पत्त्यातली अडगळ साफ केली. जी अडगळ होती तोच पत्ता होता.

तो पुन्हा मंडपाच्या घरी पोचला तेव्हा तिथं बँड लागला होता. खुर्च्यांना पांढऱ्या फिती बांधल्या होत्या. दारात एक मुलगी लग्नाचा पोशाख घालून उभी राहून उजव्या हाताने फोटो काढत होती आणि डाव्या हाताने नकातामाल खात होती. तारवटलेल्या डोळ्यांचे गृहस्थ नॉर्विनला बघून उठले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. हे माझे मित्र, यांनाच माझं दुःख समजलं, अशी त्यांनी पाहुण्यांना ओळख करून दिली. दुसऱ्या बाजूला नवरा मुलगा उभा होता. तो नॉर्विनकडे फारसं प्रेमाने बघत नव्हता.

नॉर्विनने सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक होत गेला की बँडवाल्यांना थांबायला सांगावं लागलं, आणि मग सगळ्याच वऱ्हाडाने ऐकलं. मुलीच्या आत्या हसून हसून खुर्च्यांवर बसल्या. गृहस्थ मात्र हसले नाहीत. मेलेल्या माणसाच्या घरचं अन्न आपण खाल्लं, हे त्यांना लागलं. उरलेले तामाल हंड्यात परत भरायला त्यांनी स्वतः हात लावला. पण खाल्लेले परत कसे देणार? तेव्हा हंडा अर्धाच परत जातोय तर निदान नीट जावा, म्हणून आत्यांनी तो पुसला, वरून कापड बांधलं आणि कापडावर पांढऱ्या सॅटिनचा मोठा बो बसवला. नॉर्विन नको नको म्हणत होता. पण लग्नघरातून काहीही बाहेर जाताना त्यावर बो बसतोच, त्याला कोणी काही करू शकत नाही.

एर्मेलिंदाबाईंचं घर चर्चच्या पाठीमागे, एका रिकाम्या प्लॉटपासून दोन चौकांवर होतं. त्या प्लॉटवर आता फक्त गवत होतं. हीच ती फार्मसी. रस्त्यात खुर्च्या इथंही होत्या, पण त्यांवर काळ्या कपड्यातली माणसं होती. प्रार्थना चालू होती. बायका एका सुरात देवमातेला "आमच्यासाठी विनंती कर" म्हणत होत्या. उंबऱ्यात डोन्या अम्पारो उभ्या होत्या, हात पोटावर घट्ट धरलेले, मान ताठ. नॉर्विनने सासूबाईंना कधी इतकं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. पांढरा बो लावलेला हंडा छातीशी धरून तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि "आमच्यासाठी विनंती कर" पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत हळूहळू बंद पडत गेलं.

एर्मेलिंदाबाई उठल्या. बारीक अंगाची, वाळलेली बाई, डोळे नऊ दिवसांचे सुजलेले. त्यांनी बो पाहिला. कापड उचलून आत पाहिलं. अर्धा हंडा.

"हे काय आहे, अम्पारो?" त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांनी हे पहिलं वाक्य.

सासूबाईंनी एक पाऊल मागे घेतलं. नॉर्विनला वाटलं, आता आपण बोललो नाही तर ही बाई आयुष्यात पुन्हा कधी या दारात येणार नाही. त्याने हंडा खाली ठेवला.

"मावशी, यांची काही चूक नाही," तो म्हणाला. "रात्रभर जागून केलेत त्यांनी. मी चुकीच्या घरी दिले. लग्नाच्या घरी."

"चुकीच्या घरी? पत्ता दिला होता ना?"

"दिला होता. मी तो कापला."

"काय कापलंस?"

नॉर्विनने आजूबाजूला पाहिलं. सगळं घर ऐकत होतं. पाद्रीबाबाही जपमाळ थांबवून ऐकत होते. कधी नव्हे ते आपल्या कामाबद्दल इतक्या लोकांना ऐकायचं होतं. "ते... जिथं फार्मसी होती, त्यातलं 'होती' काढून टाकलं. 'जिथं'ही. नकाशाला सापडत नव्हतं म्हणून. प्रोग्राममध्ये ज्यावर कापतात ते उरत नाही."

"फेकून दिलंस?"

"ते आपोआप जातं, मावशी."

एर्मेलिंदाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग टेबलावरच्या नवऱ्याच्या फोटोकडे त्यांनी बोट केलं. मेणबत्त्या, फुलं, आणि मध्ये टोपी घातलेले डोन फुल्हेन्सियो.

"नऊ दिवसांपूर्वी हा 'आहे' होता," त्या म्हणाल्या. "आता हा सुद्धा 'होता' झाला. त्यालाही फेकायचं का, बाळा?"

नॉर्विनला पायाखालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. (मानाग्वात अशी इच्छा करू नये. कधी पुरी होईल सांगता येत नाही.) तो खाली मान घालून म्हणाला, "मी तिथल्या माणसाजवळ दुखवटाही व्यक्त केला. मुलीच्या बापाला. कधी ना कधी सगळ्यांनाच जावं लागतं, असं म्हणालो."

"मुलीच्या बापाला?"

"लग्न होतं मुलीचं. ते रडले माझ्या खांद्यावर. म्हणाले, तुम्हालाच कळलं."

कुठंतरी मागच्या रांगेत कोणीतरी नाकातून फुर्र केलं. एर्मेलिंदाबाईंनी ओठ दाबले. ते फार वेळ दाबून धरता आले नाहीत. त्यांचे खांदे हलू लागले, त्यांनी तोंडावर पदर घ्यावा तशी शाल घेतली, आणि शालीतून जो आवाज आला तो रडण्याचा नव्हता. "फुल्हेन्सियोला हे सांगायला हवं होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझ्या बापानेही लग्नात अस्साच चेहरा केला होता." मग त्या पुढे झाल्या आणि त्यांनी अम्पारोंचा हात धरून त्यांना उंबऱ्याच्या आत ओढलं.

"कोण आहे हा?" त्यांनी नॉर्विनकडे बोट करून विचारलं.

"जावई आहे," डोन्या अम्पारो म्हणाल्या. त्यांचाही आवाज फुटत होता. "शिकलेला आहे."

यावर मात्र सगळं घर हसलं. दोघी मैत्रिणी भिंतीशी एका बाकावर टेकल्या. मग प्रार्थना पुन्हा सुरू झाली, पण अधूनमधून त्या दोघींपैकी एकीच्या खांद्याला हिसका बसे आणि दुसरी तिला कोपराने ढोसे. अर्धा हंडा सगळ्यांना पुरला. प्रत्येकाने अर्धा अर्धा घेतला. एर्मेलिंदाबाईंनी आपल्या अर्ध्याचं पान सोडलं, वास घेतला आणि म्हणाल्या, की पुदिना अजून जास्तच आहे. डोन्या अम्पारो म्हणाल्या, "खा मुकाट्याने." नॉर्विन सगळ्यांना कॉफी देत फिरला, कोणाकडे न बघता. जो कॉफी घेई तो त्याला विचारी, की माझं अभिनंदन करायचं की सांत्वन?

घरी परतताना सासूबाई गाडीत पुढच्या सीटवर बसल्या होत्या. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, की तू तिथं बोललास ते बरं केलंस. माझ्याच्याने झालं नसतं. नॉर्विनचं मन भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. मग त्या म्हणाल्या, "पण उद्यापासून तू बसच."

तो बसला. पत्ते आता याहोस्का आईला विचारून लिहून घेई. पुढच्या शनिवारी ऑर्डरींत एका अनोळखी बाईंचा निरोप आला. याहोस्काने तो वाचला, तिला हसू आवरेना, म्हणून तिने फोन नॉर्विनच्या हातात दिला. लिहिलं होतं: जिथं डोन्या अम्पारोंच्या जावयाने लग्नात दुखवटा केला तिथून एक चौक डोंगराकडे, मग अर्धा चौक खाली.

नॉर्विनने तो नकाशात टाकून पाहिला. सापडला नाही. तरी रविवारी, सासूबाई नको म्हणत असताना, तो हंडा स्वतः घेऊन निघाला. निदान हा एक पत्ता तरी या शहरात आपल्याइतका कोणाला माहीत नसणार, असं त्याला वाटलं. पण ऐन वेळी वळणं चुकली, आणि शेवटी त्याने कोपऱ्यावर पाव विकणाऱ्या एका बाईला खाली मान घालून विचारलं, की ते लग्नातल्या दुखवट्याचं ठिकाण कुठं आलं.

बाईने लगेच हात केला. "हे काय, पुढच्याच चौकात. तिथंच उभा होता तो."

"तुम्ही पाहिलंत त्याला?"

"नाही बाबा," ती पाव बांधत म्हणाली. "पण म्हणतात, फार शिकलेला होता."